न मागितलेली खिडकी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कोणालाच आठवत नाही, आणि ते कोणत्या राजाच्या मुलखात होतं यावर म्हातारी माणसं अजून वाद घालतात. पण गाव होतं, एवढं नक्की.

एका खडकाळ टेकाडावर ते वसलं होतं. खाली ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन, आणि वर उघड्या खडकावर घरं. जिथे कुसळसुद्धा उगवत नाही तिथे माणसं राहत, आणि हात घातला तर कोपरापर्यंत मऊ लागेल अशा मातीत ज्वारी राही. परगावचा पाहुणा हे पाहून हसायचा. "तुमच्याकडं माणसापरीस जोंधळ्याची बडदास्त मोठी," असं म्हणायचा. गावकरीही त्याच्याबरोबर हसायचे आणि त्याच जोंधळ्याची भाकरी त्याला वाढायचे.

घरं अगदी दाटीवाटीची. एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागायचा, आणि नवराबायकोचं वाजलं की समजुतीचे चार शब्द भिंतीपलीकडून यायचे. कटकट होती, नाही असं नाही. पण सकाळी एकीच्या चुलीतला विस्तव साऱ्या आळीच्या चुली पेटवायचा. एका जात्यावर दोघीजणी बसायच्या. आळीच्या तोंडाशी एक दिवा लागला की ओळीतल्या सगळ्या उंबऱ्यांवर उजेड पडायचा. टेकाडाच्या माथ्यावरचा झरा लहानसाच, पण त्याचं पाणी दगडी पाटानं हौदात यायचं, सगळ्यांना पुरायचं आणि उरलेलं खाली शेतात जायचं.

या गावाची एक जुनी रीत होती. कोणाला नवं घर बांधायचं झालं, की गावातल्या सर्वांत थकल्या माणसाला चावडीच्या पायरीवर बसवायचे आणि हाक मारायला सांगायचे. घर मागणाऱ्यानं ती हाक ऐकत ऐकत मागे सरकायचं. हाक ऐकू येईनाशी झाली की थांबायचं. त्याच्या अलीकडे घर बांधता येई, पलीकडे बांधता येत नसे. ही रीत कोणी घातली आणि का घातली, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. वाडवडील करत आले म्हणून सगळे करत होते, आणि रीतीचं कारण विसरलं की तिची घटका भरायला वेळ लागत नाही.

आमच्या गोष्टीच्या काळी ती हाक मारायचं काम आवडाई नावाच्या म्हातारीकडे होतं. तोंडात एकही दात नाही, कमरेत वाकलेली, आणि आवाज तर असा बारीक की तिनं मांजराला हाकललं तर मांजर जवळ यायचं.

गावचा पाटील होता हैबती. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या शेळीच्या पायात काटा मोडला तरी विचारपूस करायचा. पण नाकावर माशी बसू देत नसे, आणि कोणाकडे काही मागायचं म्हटलं की त्याच्या अगदी जिवावर यायचं. द्यायला सांगा, हातचं काढून देईल. मागायला मात्र सांगू नका.

त्याची बायको सगुणा. चणीनं लहान, आवाजानं मऊ, आळीत सगळ्यांची लाडकी. एकुलती लेक सासरी गेलेली, घरात दोघंच. त्यांचं घर आळीच्या मधोमध. चुलीच्या खोलीला तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे धूर कोंडायचा. त्यातली एक भिंत लिंबाजी कोष्ट्याची. तिच्या पलीकडे लिंबाजीची कापड विणायची, मागाची खोली आणि त्याच्याही पलीकडे, मावळतीच्या बाजूला, त्याचं मोकळं अंगण होतं.

एकदा भाकरी थापता थापता सगुणा म्हणाली, "आवं, ह्या भितीत एक खिडकी पाडून द्या की. धुरानं डोळं निस्तं चुरचुरत्यात. लिंबाजी भावजींच्या अंगणातनं सांजचा वारा येईल."

"बघतो," हैबती म्हणाला.

"बघतो न्हवं. गूळ घिऊन जावा आन् इचारून या. भित त्येंचीबी हाय."

तशीच पद्धत होती. सामाईक भिंतीला भोक पाडायचं तर शेजाऱ्याकडे गूळ घेऊन जायचं, आणि त्यानं खडा तोंडात टाकला की झाली परवानगी. पण हैबतीची अडचण वेगळी होती. मागच्याच पावसाळ्यात लिंबाजीच्या पन्हळीचं पाणी त्याच्या दारात पडतं म्हणून त्यानं चावडीवर तक्रार मांडली होती. तक्रार त्याची, आणि निवाडाही त्याचाच. लिंबाजीनं एक शब्द न बोलता पन्हळ काढून घेतली होती. आता त्याच लिंबाजीच्या दारात गूळ घेऊन जायचं होतं.

तरी हैबती गेला. उपरण्याच्या टोकाला गुळाचा खडा बांधून लिंबाजीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. आत मागाची ठकठक चालू होती. त्याच्या डोळ्यांसमोर आलं, की आता लिंबाजी माग थांबवणार, गुळाकडे बघणार, मग सावकाश विचारणार, "पाटील, पन्हळीचं काय ठरलं व्हतं?" आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होणार. खरं तर लिंबाजीनं त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. पण हैबतीचे कान आपोआप तापले. तो तसाच मागे फिरला आणि वाटेत गुळाचा खडा स्वतःच खाऊन टाकला.

"काय म्हनलं भावजी?" सगुणानं विचारलं.

"न्हाई म्हनला."

सगुणाचा हात परातीतच थांबला. "भावजी? न्हाई म्हनलं?"

"म्हनला एकदा. आता पुन्यांदा इचारू नगंस."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून लिंबाजीच्या बायकोबरोबर जात्यावर बसायची ती बसेनाशी झाली. इतक्या वर्षांचा शेजार, आणि एवढ्याशा गोष्टीला नाही म्हणावं, हे तिच्या मनाला फार लागलं. हैबतीला ते दिसत होतं. खरं सांगून टाकावं असं त्याला दोन-चारदा वाटलंही, पण खोटं एकदा तोंडातून गेलं की त्यालाही पाटलाच्या शब्दासारखाच मान द्यावा लागतो, अशी त्याची समजूत होती. बायकोला वारा तर द्यायला हवा आणि लिंबाजीच्या पाया तर पडायचं नाही. मग त्यानं वेगळीच वाट काढली.

त्यानं चावडीवर गाव गोळा केला.

"गाव दाटलंय," तो म्हणाला. "लेकरं वाढली, सुना आल्या. पाय पसरायला जागा न्हाई. आन् आपली रीत काय? आवडाईनं हाक मारायची. आवडाई, राग धरू नगंस, पर तुझा आवाज आता तुलाच ऐकू येत न्हाई. आसं चाललं तर पुढच्या साली आपल्याला चावडीतच ऱ्हावं लागंल."

लोक हसले. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, घरं खरोखर भरली होती. तेवढ्यात मागून लिंबाजी उठला.

"पाटील, माडी चढवू या की. भिती चांगल्या जाड हायती, वझं पेलतील. दोन घरांत मिळून एक जिना केला तरी भागंल. शेताला हात लावाय नगं."

बोलणं सरळ होतं, सोपं होतं, आणि दुसऱ्या कोणी ते केलं असतं तर हैबतीनं कदाचित मान्यही केलं असतं. पण लिंबाजीच्या तोंडून आलं म्हणून त्याला ते झोंबलं.

"माडी चढून गुडघं कुनी दुखवायचं? ज्याला डोक्यावर शेजारी पायजेल त्यानं खुशाल चढवावी," तो म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला. लिंबाजी खाली बसला.

मग हैबतीनं आपला बेत सांगितला. हाक मारायची रीत तो मोडणार नव्हता. छे, छे! वाडवडिलांची रीत मोडायची म्हणजे काय? रीत तशीच राहील, फक्त हाक आवडाईऐवजी धोंडी मारेल.

धोंडी हा गावचा राखणदार. शेतातल्या उंच माळ्यावर उभा राहून तो पाखरं हाकायचा, आणि त्याची आरोळी ओढा ओलांडून पलीकडच्या शिवारापर्यंत जायची. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. रीत तर मोडत नव्हती आणि जागा तर मिळत होती. याहून सोयीचं काय असणार?

आवडाई तेवढी पायरीवरून म्हणाली, "आरं हैबती, नड पडंल तवा धोंडी येनार हाय का वरडायला तुमच्या घरात?"

पण तिचा आवाज बारीक. पुढच्या ओळीतल्या दोघाचौघांनी ऐकलं असेल नसेल. हैबतीनं ऐकलं. त्यानं न ऐकल्यासारखं केलं.

धोंडीनं छाती भरून हाक मारली. ती टेकाड उतरली, ज्वारीवरून गेली, ओढ्यापाशी पोचली. तिथवर सगळीकडे घर बांधायला मोकळीक झाली.

पहिलं घर अर्थातच पाटलाचं. ओढ्याच्या कडेला, सगळ्यांत काळ्या तुकड्यात, मधोमध. भोवती एवढं अंगण की त्यात जुनी आळी अख्खी मावली असती. चारी भिंतींना खिडक्या. चुलीच्या खोलीला दोन. सगुणा दारात उभी राहिली तेव्हा वाऱ्यानं तिचा पदर उडाला आणि ती लहान मुलीसारखी हसली. ते हसू पाहून हैबतीला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

पाटील उतरल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? ज्याच्या घरी आठ माणसं होती तो उतरला, आणि ज्याच्या घरी दोनच होती तोही उतरला. जो तो आपल्या तुकड्याच्या मधोमध घर बांधी आणि भोवती निवडुंगाचं कुंपण घाली. वर राहिले ते थोडेच. लिंबाजी राहिला, आवडाई राहिली, हाडवैद्य राहिला आणि ज्यांना बांधायला ऐपत नव्हती ते राहिले.

पहिली एक-दोन वर्षं मजेत गेली. मोकळं अंगण, मोकळं आभाळ, कोणाची कटकट नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट आखडायला लागली.

झऱ्याचा पाट घरोघर न्यायचं ठरलं होतं. पण पाट जितका लांबला तितकं पाणी वाटेतच जिरू लागलं, आणि शेवटच्या घरी ओली माती तेवढी पोचायची. मग ज्यानं त्यानं आपापली विहीर खणली. सगळ्या विहिरींना जमिनीखालचं पाणी एकच, हे कोणी लक्षात घेतलं नाही. एकानं विहीर खोल केली की शेजाऱ्याची आटायची, मग तो खोल करायचा. विस्तव मागायला एवढ्या लांब कोण जाणार? म्हणून दर घरी दिवसभर चूल धुमसत ठेवायची, आणि त्यापायी ओढ्याकाठची झाडं कमी होत चालली. चावडीवर जायला बैलगाडी लागू लागली. बैल वाढले तसा चारा जास्त लागू लागला, आणि चाऱ्याच्या जमिनीवर तर घरं उभी होती. तो आणायला गडीमाणसं दूरच्या रानात जाऊ लागली. ज्वारी किती पिकायची आणि आता किती पिकते हे कोणी मोठ्यानं बोलत नसे. दिवे मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जळत होते, आणि तरी दोन घरांच्या मधे अंधारच असायचा.

हैबती पाटील म्हणून या साऱ्याचे निवाडे करत फिरायचा. कोणाच्या विहिरीनं कोणाचं पाणी ओढलं, कोणाचं कुंपण कोणाच्या वाटेत आलं. सकाळी निघायचा तो दिवस कलल्यावर परतायचा.

सगुणा घरात एकटी. सुरुवातीला तिनं वाऱ्याचं कौतुक केलं, अंगणात भोपळे लावले, दोडके लावले. मग तिच्या लक्षात आलं, की आलेले दोडके द्यायला जवळपास कोणी नाही. हाक मारली तर ओ येत नाही. भाजीला मीठ कमी आहे की जास्त, हे सांगणारंही कोणी नाही.

एका दुपारी हैबती कधी नव्हे तो घरी जेवायला बसला असता ती म्हणाली, "तकडं वर आसताना ठकठक थांबली की कळायचं, भावजी जेवाय उठलं, आता तुमी येशीला. हितं वेळ झालेली कळतच न्हाई."

"तुलाच वारा पायजे व्हता," हैबती म्हणाला.

"मी खिडकी मागितली व्हती," सगुणा म्हणाली. "गाव हलवाया न्हवतं सांगितलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच हैबतीला जास्त लागलं. या वेळी तो खरोखर सांगणार होता. ओठांपर्यंत आलं होतं. पण बाहेर गाडी थांबली, कोणीतरी विहिरीचं भांडण घेऊन आलं, आणि तो हात धुऊन उठला.

त्या साली उन्हाळा मोठा निघाला. ओढ्यात दगड दिसू लागले. हैबतीनं आपली विहीर आणखी खोल केली, पण रहाटाचा दोर पाण्यापर्यंत पोचेना. पाणी हवं तर विहिरीत उतरून भरावं लागायचं, आणि नव्या खणलेल्या पायऱ्या अजून बांधून काढलेल्या नव्हत्या. कोणीतरी सोबत असल्याशिवाय उतरू नकोस, असं तो सगुणाला सांगून जायचा. सोबतीला कोणी असायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. गडी चाऱ्याला गेलेला असायचा आणि तहान काही माणसांची वाट पाहत नाही.

त्या दिवशी सकाळी हैबती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला निवाड्याला गेला. ऊन चढल्यावर सगुणा घागर घेऊन विहिरीत उतरली. मधेच एक दगड निसटला आणि ती खाली कपारीवर पडली. कमरेतून उठता येईना. डोक्याला खोक पडली होती. वरून ऊन थेट तिच्या अंगावर येत होतं.

तिनं हाका मारल्या. किती मारल्या कोणास ठाऊक. विहिरीतून हाक वर आभाळाकडे जाते, शेजारी जात नाही, आणि शेजार तरी कुठे होता? सगळ्यांत जवळचं घर धोंडीचं, तेही तीन कुंपणांपलीकडे. धोंडी रानात गेलेला. त्याची बायको अंगणात धान्य पाखडत होती. तिला मधूनमधून काहीतरी बारीक ऐकू आलं, पण तिला वाटलं टिटवी ओरडतेय. नंतर हे सांगताना ती बाई ऊर बडवून घ्यायची. तिचा बिचारीचा काय दोष?

दिवस कलल्यावर हैबती घरी आला. चूल विझलेली, घागर जागेवर नाही. तो विहिरीकडे धावला. सगुणा जिवंत होती, डोळे उघडे होते, पण ओरडून ओरडून तिचा आवाज पार गेला होता. तिनं ओठ हलवले, त्यातून काही निघालं नाही.

त्यानं तिला कसंबसं वर काढलं, गाडीत घातलं आणि हाडवैद्याकडे निघाला. जुन्या आळीत हाडवैद्याचं घर त्यांच्यापासून चार उंबऱ्यांवर होतं. आता गाडीला टेकाडाकडे सरळ वाटच नव्हती. हे कुंपण आलं की वळसा, ते कुंपण आलं की वळसा, पुढे कोणाची विहीर, म्हणून मागे फिरायचं. आणि यातल्या प्रत्येक कुंपणाला परवानगी त्यानंच दिली होती. बैलांना मारत, रडत, सगुणाशी बोलत तो गाडी हाकत राहिला.

आळीत पोचल्यावर सगळ्यांत आधी पुढे धावला तो लिंबाजी. त्यानं सगुणाला आपल्या अंगणात बाजेवर निजवलं. त्याची बायको पाण्यानं तिचे ओठ भिजवू लागली. आळीतली सगळी माणसं हाक न मारता गोळा झाली. हाडवैद्यानं नाडी पाहिली, अंग चाचपलं आणि हैबतीला बाजूला घेऊन सांगितलं, "उनानं घात केला, पाटील. दुपारीच आनली आसती तर काय तरी केलं आसतं."

अंगणात संध्याकाळचा वारा सुटला होता. लिंबाजीची बायको सगुणाच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "पाटलीनबाय, आमचं काय चुकलं व्हतं वो? बोलाचालायचं का सोडलं तुमी? जात्यावर बसले की रोज तुमची आठवन यायची."

सगुणानं हैबतीकडे पाहिलं.

त्या नजरेपुढे हैबतीला खोटं धरून ठेवता येईना. तो बाजेपाशी बसला. "तुमचं न्हाई चुकलं," तो म्हणाला. "मी आलो व्हतो गूळ घिऊन. आमच्या चुलीच्या भितीला खिडकी मागायला. दारातनंच माघारी गेलो आन् घरी सांगितलं की लिंबाजी न्हाई म्हनला."

लिंबाजी त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"खिडकी?" तो म्हणाला. "आवं पाटील, मला सोताला ती खिडकी पायजे व्हती. वारा निस्ता आत येऊन भागत न्हाई, त्याला जायाबी वाट लागती. माझ्या मागाच्या खोलीत आसा उकाडा, घामानं सूत भिजायचं. ती भित फुटली आसती तर तुमचा धूर गेला आसता आन् माझ्याकडं वारा खेळला आसता. किती डाव मनात आलं इचारावं म्हनून. पर पाटलाच्या भितीला हात लावू का, आसं इचारायचं कुनी? त्यात ती पन्हळ झालेली."

सगुणानं सगळं ऐकलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, तिचे ओठ बराच वेळ हलत होते. हैबतीनं कान अगदी जवळ नेला, पण त्याला एक अक्षरही ऐकू आलं नाही. लिंबाजीच्या अंगणात, आळीच्या माणसांच्या गराड्यात ती गेली. शेवटी तिनं काय सांगितलं, राग केला की माफ केलं, हे हैबतीला जन्मभर कळलं नाही.

तिचं दिवसकार्य झाल्यावर हैबती चावडीवर गेला आणि त्यानं धोंडीला हाक मारायला सांगितली. आपली चूक गावापुढे कबूल करायची, सगळ्यांना परत खडकावर आणायचं, माड्या चढवायच्या, खालची जमीन मोकळी करायची, असं त्यानं मनाशी धरलं होतं. धोंडीनं रडत रडत हाक मारली. ती ओढ्यापर्यंत गेली. घराघरांत सगळ्यांना ऐकू आली.

पण यायला फारसं कोणी निघालं नाही. कोणाचे बैल चाऱ्याला गेले होते, कोणाला ऊन लागत होतं, कोणाला वाटलं एवढी माणसं जातीलच, आपण एक नाही गेलो म्हणून काय बिघडतं. चावडीवर आळीतली माणसं होती आणि आवडाई होती. तिनं हैबतीच्या पाठीवर हात ठेवला.

मग तो दारोदार फिरला. मागायची सवय नसलेला तो माणूस प्रत्येक कुंपणाशी हात जोडून उभा राहिला. "तुमचं खरं हाय पाटील," सगळे म्हणायचे. "पर आता बांधून बसलो की. दुसरे हलले तर आमीबी हलू." आणि दुसरेही अगदी हेच म्हणायचे.

त्यानं स्वतःचं घर तेवढं पाडलं. अंगण नांगरलं, ज्वारी पेरली. पण चुना, विटांचे तुकडे आणि इतक्या वर्षांची दाबलेली माती. जिथे हात कोपरापर्यंत जायचा तिथे फाळ वितभरही जाईना. चार ताटं इथे, चार तिथे, एवढंच काय ते उगवलं. ओढ्याकाठची ती जमीन पुढे पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली, आणि पोट भरेना तसे लोकही एकेक करून दुसऱ्या मुलखात निघून गेले.

हैबती आपल्या जुन्या घरात परत आला. लिंबाजीनं स्वतः पहार आणून चुलीच्या खोलीत खिडकी पाडून दिली. अर्ध्या दिवसाचं काम होतं. संध्याकाळी त्यातून वारा येऊ लागला, पलीकडे लिंबाजीच्या मागाचं सूत हलकेच हलू लागलं. हैबती चुलीपाशी बसला, पण त्या वाऱ्यात त्याला बसवेना. तो उठून बाहेर ओसरीवर गेला आणि पुढे कितीतरी वर्षं त्यानं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जागा अपुरी वाटली तर जमीन गिळायच्या आधी शेजाऱ्याशी बोलून पाहावं, कारण जे चौघांत वाटून पुरतं ते एकेकट्यानं कितीही पसरलं तरी पुरत नाही.